फँटसी-सायफायची परीक्षणं लिहायला घेताय?

'पुस्तकं फुकट मिळतात का हो?' परीक्षणं लिहायची इच्छा असलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी हेच विचारतो. मिळतात. थोडं नाव झालं, की प्रकाशक पुस्तक बाजारात येण्याच्या काही महिने आधी कच्ची प्रत पाठवतात, बहुतेक वेळा ई-प्रत. काही दिवसांत ढीग साचतो आणि पुस्तकं मिळवणं हाच या कामातला सगळ्यात सोपा भाग होता हे कळतं.

अवघड आहे ते पुस्तकाबद्दल कामाचं काहीतरी सांगणं. नवख्यांची परीक्षणं माझ्याकडे वाचायला येतात. त्यातल्या बहुतेकांचा तीन चतुर्थांश भाग त्या काल्पनिक जगाच्या वर्णनात खर्ची पडलेला असतो. आकाशात चंद्र किती, राजघराणी किती, यानाचं इंजिन कशावर चालतं, कोणत्या जमातीला कोणती जादू येते. शेवटी दोन ओळी: 'कल्पना अफाट आहे, पण पात्रं थोडी कमी पडतात.' हे सगळं मलपृष्ठावर आधीच छापलेलं असतं, शेवटच्या दोन ओळी सोडून. आणि त्या दोन ओळी कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतात.

माझ्या मते या साहित्याच्या परीक्षकाने एकच प्रश्न धरून ठेवायचा: लेखकाने जगात एक नवी गोष्ट आणली, मग पुढे काय झालं? समजा, एका कादंबरीत असं दार आहे की ते उघडलं की पाहिजे त्या गावात पाऊल पडतं. झकास. मग त्या जगात सीमेवर पहारा कुठे बसवायचा? जकात कोण, कशी वसूल करणार? चोराला कुलपाची काय पत्रास? मुलगी लांब दिली म्हणून आई रडेल का? लेखकाने यातल्या दोन-तीन प्रश्नांचा जरी पिच्छा पुरवला असेल तर पुस्तक जिवंत होतं. पण दहाव्या प्रकरणात नायक नेहमीसारखाच घोड्यावर बसून मजल-दरमजल निघाला, तर ते दार नुसती सजावट आहे. समीक्षक डार्को सुविन यांनी १९७०च्या दशकात अशा नव्या गोष्टीला 'नोव्हम' असं नाव दिलं, आणि सायफायमध्ये सगळ्या कथेवर तिचीच सत्ता चालायला हवी अशी मांडणी केली. ही कसोटी मी फँटसीलाही लावते.

आता विज्ञानातल्या चुकांबद्दल, कारण बरेच जण याच हौसेने या वाटेला येतात. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातलं अंतर सतत बदलतं. त्यामुळे एका टोकाकडून निघालेला संदेश दुसऱ्या टोकाला पोचायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात आणि उत्तर यायला त्याच्या दुप्पट. समजा, एका कादंबरीत एक बहीण मंगळावर, दुसरी पृथ्वीवर आणि दोघी समोरासमोर बसल्यासारख्या तावातावाने भांडताहेत. नवखा परीक्षक इथे बाह्या सरसावतो. थांबा. लेखकाने आधीच कुठे तत्काळ पोचणाऱ्या संदेशाची सोय करून ठेवली आहे का, ते आधी बघा. केली असेल तर ती आपण मान्य करायची. फक्त त्या सोयीने बाकीच्या जगात काय उलथापालथ केली, एवढं विचारायचं. आणि सोय नसेल, तरी 'प्रकाशाचा वेग लेखकाला माहीत नाही' एवढंच लिहून गप्प बसू नका. खरं नुकसान वेगळंच आहे. एकीने जिव्हारी लागेल असं बोलायचं, लगेच पश्चात्ताप व्हायचा, 'माफ कर' पाठोपाठ पाठवायचं, आणि तोवर पहिलं वाक्य वाटेत असायचं, परत न बोलावता येणारं. हा प्रसंग लेखकाच्या हाताशी होता आणि त्याने तो सोडून दिला. हे सांगितलंत की ते परीक्षण झालं. आधीचं नुसतं पेपर तपासणं होतं.

फँटसीत हाच घोटाळा जादूच्या बाबतीत होतो. तिसऱ्या प्रकरणात मोडलेला पाय मंत्राने जुळतो, विसाव्या प्रकरणात राजा बाण लागून मरतो आणि दरबारातल्या एकालाही तो मंत्र आठवत नाही. जादूचे नियम सैल असायला माझी हरकत नाही. काही उत्तम पुस्तकांत ते मुद्दामच धूसर ठेवलेले असतात. पण मग जादूने गोष्टीची गाठ सोडवायची नाही. नकाशाही जरूर बघा, प्रवासाचे दिवस अंतराशी जुळतात का ते. घोडेस्वार दिवसाकाठी साधारण पन्नास किलोमीटर जातो. सैन्य त्याहून बरंच हळू सरकतं, कारण बैलगाड्या, दाणागोटा आणि माणसं सोबत असतात.

वाचताना मी खुणा करते त्या तीनच प्रकारच्या: इथे नियम सांगितला, इथे वाचकाला पुढच्या गोष्टीचं वचन दिलं, इथे मला कंटाळा आला. तिसरी खूण सगळ्यात उपयोगी. का कंटाळले हे नंतर शोधताना परीक्षणाचा गाभा सापडतो.

पहिल्या पन्नास पानांवर मत बनवू नका. इथला वाचक न कळलेले शब्द काही काळ पोटात ठेवायला तयार असतो आणि चांगला लेखक त्यावर विसंबून लिहितो. 'तिने मनगटावर उरलेले श्वास मोजले आणि दार उघडायचा विचार सोडून दिला.' हे वाक्य मी उदाहरणासाठी आत्ताच रचलं आहे. पण बघा, हवा मोजूनमापून मिळते, तिचा हिशेब अंगावर वागवावा लागतो, दार उघडणं महागात पडतं, आणि ही बाई काटकसरी आहे किंवा गरीब, हे सगळं कुणीही समजावून न सांगता कळलं. याउलट 'तुला माहीतच आहे की आपल्या वसाहतीत…' अशी सुरुवात करून एक पात्र दुसऱ्याला दोघांनाही ठाऊक असलेली माहिती पानभर ऐकवतं, तेव्हा खुशाल पेन्सिल उचला. मात्र पाव पुस्तक संपलं तरी कोणाला काय हवंय आणि आड काय येतंय हे सांगता येत नसेल, तर तो गूढपणा नव्हे, गोंधळ आहे.

कुठून सुरू करायचं? सातशे पानी मालिकेपासून तर नकोच. ह्यूगो आणि नेब्युला या फँटसी-सायफायच्या दोन्ही नामांकित पुरस्कारांत १७,५०० ते ४०,००० शब्दांच्या लेखनाचा वेगळा विभाग असतो, लघुकादंबरीचा. त्याच्या नामांकनांची यादी घ्या. एकेक पुस्तक एक-दोन बैठकांत संपतं, आणि एवढ्या जागेत लेखकाला पाल्हाळ परवडत नसल्याने रचना नीट दिसते. ह्यूगो १९५३ पासून आहे आणि तो वर्ल्डकॉन या सायफायप्रेमींच्या वार्षिक संमेलनाचे सभासद, म्हणजे मुख्यतः वाचक, मतदानाने देतात. नेब्युला लेखकांची संघटना देते. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या की वाचकांना काय भावतं आणि लेखकांना कशाचं कौतुक वाटतं, यातला फरक हळूहळू दिसू लागतो. कधीकधी तो अजिबात दिसत नाही, तेही मजेशीर असतं.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. कच्च्या प्रतीत मुद्रणदोष असतातच, त्यावर ताशेरे ओढू नका. तिच्यातलं वाक्य उद्धृत करायचं तर छापील प्रतीशी ताडून घ्या, शेवटच्या हातात लेखक बरंच बदलतात. प्रकाशकाने अमुक तारखेआधी लिहू नका म्हटलं असेल तर ती तारीख पाळा. प्रत फुकट आली असेल तर परीक्षणात तसं सांगा. आणि फुकट प्रतीच्या बदल्यात गोड बोलायचं, असा कुठलाही करार नसतो. तसं कुणी सुचवलं तर त्या प्रकाशकाला पुढच्या वेळी नम्र नकार द्या. अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकाचं परीक्षण लिहू नये. लिहायचंच असेल तर कुठे सोडलं ते पहिल्या परिच्छेदात सांगावं.

कथानक किती उघड करायचं यावर वाद चालूच राहतील. मी साधारण पहिल्या चतुर्थांशापर्यंतचं सांगते. कलाटणीचा बोभाटा तर नकोच, पण 'शेवटी मोठा धक्का आहे' हेही लिहू नये. मग वाचक पान उलटताना तेवढंच शोधत बसतो. मालिकेचा दुसरा-तिसरा भाग असेल तर नव्या वाचकाला थेट इथून शिरता येईल का, हे आधी सांगा. बहुतेकदा उत्तर 'नाही' असतं आणि प्रकाशक ते सांगत नाहीत. 'जुन्या अमक्याची आठवण झाली' ही तुलना करायचीच तर नेमकं काय पाहून आठवण झाली, ते सांगा.

पहिलं पुस्तक लिहिणाऱ्याशी कसं वागावं हे लोक विचारतात. मापं तीच ठेवा, आवाज खाली ठेवा. पंचवीस पुस्तकं नावावर असलेल्या लेखकाने पाट्या टाकल्या तर तसं स्पष्ट म्हणायला हरकत नाही. नवोदिताचं पुस्तक फसलं असेल तर ते कुठे फसलं हे तेवढ्याच स्पष्टपणे दाखवा, पण शेलक्या शब्दांचा मोह आवरा. आणि पुस्तक निव्वळ सुमार असेल, सांगण्यासारखं काहीच हाती लागत नसेल, तर न लिहिणंही चालतं.

संपादकाकडे काम मागायला जाल तेव्हा नमुना म्हणून स्तुतिपर लेख पाठवू नका. निम्मं जमलेलं, निम्मं फसलेलं एखादं ताजं पुस्तक निवडा आणि सहा-सातशे शब्दांत लिहा. संपादक त्यात बघतो ते हेच, की जमलेलं कुठे संपतं आणि फसलेलं कुठे सुरू होतं, ती जागा तुम्हाला बोट ठेवून दाखवता येते का.