मेटल आयनमुळे पेप्टाइड तुटायचा स्पीड किती बदलतो, हे कसं मोजायचं

एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घेतलाय आणि कुठलाही मेटल टाकला की पेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) फटाफट तुटणार असं धरून बसला असाल तर ते आधी डोक्यातून काढा. ग्लायसिलग्लायसिन (दोन ग्लायसिन जोडलेलं छोटं पेप्टाइड) घ्या, स्वस्त पडतं. नुसत्या पाण्यात 25 डिग्रीला, पीएच 7 वर ते अर्धं तुटायला सुमारे 350 वर्षं लागतात, म्हणून काम 70-80 डिग्रीला करायचं आणि व्हायलचं झाकण घट्ट पाहिजे, नाहीतर पाणी उडून सोल्युशन घट्ट होतं आणि आपण खुश होतो की रिअ‍ॅक्शन पळतेय.

मेटलसाठी कॉपर सल्फेट एआर ग्रेडचंच (लॅबसाठीचं शुद्ध) घ्या. नाशकात द्राक्षवाल्यांमुळे मोरचूद कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळून जाईल, पण ते बोर्डो मिश्रणाला ठीक आहे, इथे नको. नळाचं पाणी पण नको, डबल डिस्टिल्ड वापरा.

खरी गडबड बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) होते. फॉस्फेट घेतलं की झिंक, कॉपर खाली बसतात, ट्रिस स्वतःच कॉपरला धरतं, त्यामुळे हेपिस बफर बरं. झिर्कोनियमचा सॉल्ट टाकला की सोल्युशन आम्लधर्मी होतं, मग पीएच मेटल टाकल्यावरच मोजायचा आणि सेट करायचा.

कॉपरची गंमत बघा, पीएच साधारण 4-5 च्या वर गेला की ते पेप्टाइड बाँडमधल्या नायट्रोजनचा प्रोटॉन काढून तिथेच चिकटतं आणि बाँड उलट टिकतो, म्हणजे ब्रेक लागतो. त्याच बाँडमधल्या कार्बोनिलच्या (C=O) ऑक्सिजनला धरणारा मेटल मात्र पाण्याला हल्ला करायला वाट करून देतो. म्हणून एकाच पीएचवर रीडिंग घेऊन 'कॉपर काम करत नाही' असं लिहू नका.

ठरलेल्या वेळेला थोडं सॅम्पल काढा, बर्फात ठेवा, मेटलला पकडून ठेवणारं ईडीटीए जास्तीचं टाका (कॉपर मोकळं राहिलं तर निनहायड्रिनचा रंग कमी येतो), मग निनहायड्रिन करून (ते मोकळ्या अमिनो गटाशी जांभळा रंग देतं) 570 नॅनोमीटरला बघा. न तुटलेलं पेप्टाइडही रंग देतं, तेव्हा झिरो टाइमचं रीडिंग वजा करायचं. आणि एक, ग्लायसिलग्लायसिन कधीकधी तुटायच्या ऐवजी वळून रिंग बनवतं, तिला निनहायड्रिन ओळखत नाही, म्हणून सोबत टीएलसी (पातळ थरावर पदार्थ वेगळे करायची टेस्ट) लावाच.

उरलेल्या पेप्टाइडचा लॉग विरुद्ध वेळ असा ग्राफ काढा, स्लोपवरून रेट मिळेल. एक व्हायल मेटलशिवाय आणि एक मेटल अधिक ईडीटीए अशी ठेवा. या दोघींचा रेट जुळला नाही तर पहिल्यांदा पीएच तपासा, ईडीटीए टाकल्यावर तो घसरलेला असतो.