किल्ली काढली तरी इंजिन चालूच

किल्ली खिशात टाकली, तरी इंजिन धडधडतंय! १९८४ची आयात केलेली डिझेल गाडी. बॉनेट उघडून स्टॉपचा खटका दाबला तेव्हा कुठे गप्प झाली. मेकॅनिकचा निकाल तयार: "व्हॅक्यूम पंप बदला."

डिझेलला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, नसतो, म्हणून ती तयार करायला वेगळा पंप. माझ्या गाडीत ब्रेक हलका करणारा बूस्टर, दारांची लॉकं आणि इंजिन बंद करणं, सगळं त्याच्याच जिवावर. पण ब्रेक नेहमीसारखा हलका लागत होता. मग पंप गेला कसा?

व्हॅक्यूम लॉकांच्या बाजूला गळतोय का बघायला तिकडे जाणारी नळी काढून तोंडात स्क्रू ठोसला. किल्ली फिरवली, इंजिन फट्कन बंद. मग गेजवाला हातपंप लावून एकेक दार तपासलं. ड्रायव्हरमागच्या दारापाशी काटा बघता बघता शून्यावर. आतला, लॉक हलवणारा रबरी पडदा चिरलेला, बोटाने दाबला तर तुकडेच पडले. भंगारातून दुसरा आणून बसवला. पंप अजून तोच आहे.