कथा कानाने तपासली

दिवाळी अंकाकडून कथा परत आली: ‘संवाद पुस्तकी वाटतात.’ डोळ्यांना तर काहीच खटकत नव्हतं. मग मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनला वाचता येईल अशा अक्षरांत घेतला, फोनला मोठ्याने वाचायला लावला आणि सारसबागेत फेऱ्या मारत ऐकला. त्या यांत्रिक आवाजात भाव नसतो, त्यामुळे वाक्य उघडं पडतं. सदाशिव पेठेतली आजी चक्क ‘मी प्रस्थान करते’ म्हणत होती! ‘येते गं’ केलं. जागोजागी पेरलेले ‘च’ उपटले. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कानाला कळत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच ऐकू येतात. त्यासाठी छापील प्रत, लाल पेन आणि मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम. आता कथा मे-जूनमध्येच पाठवते. कथेच्या जाहिरातीसाठी पूर्ण कथा नाही, आजीचा तेवढा संवाद वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते.