पिस्टनच्या रिंगा कशा बसवाव्यात

गाडी निळा धूर मारू लागली, ऑइल पिऊ लागली, की मेकॅनिक लगेच म्हणतो, "रिंगा गेल्या." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या खाचांत बसणाऱ्या, सिलिंडरच्या भिंतीला टेकणाऱ्या तीन कड्या. इंजिन खोलण्याआधी खात्री करा. गरम इंजिनला स्पार्क प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा, किका मारून आकडा बघा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघा. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) झिजलाय. तसाच राहिला तर आधी व्हॉल्व्ह तपासा.

रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीला चिकटते, असं बहुतेकांना वाटतं. पण तो ताण एक-दोन बारचा, जेमतेम टायरमधल्या हवेइतका. पेट्रोल पेटल्यावर पिस्टनच्या वर जळत्या वायूचा दाब होतो चाळीस-पन्नास बार! हा वायू पिस्टनच्या कडेने खाचेत शिरतो, रिंगला खाचेच्या खालच्या कडेवर टेकवतो आणि मागून भिंतीवर रेटतो. वायूला रिंगच्या मागे जायला वाट हवी. पुढची सगळी खटपट त्यासाठीच.

म्हणून आधी खाचा. त्यातला कार्बन काढायला जुनी रिंग मोडून तिचंच टोक वापरा, पण खाचेच्या कडा खरवडू नका. नवी रिंग खाचेत अडकता कामा नये, सहज फिरली पाहिजे.

बोअर लेथवाल्याकडून होन करून, म्हणजे खरड-दगडाने बारीक घासून, घ्या. तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ऑइल धरून ठेवतात. नंतर ब्लॉक (सिलिंडरचा ठोकळा) गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. नुसत्या रॉकेलने होनिंगची पूड निघत नाही. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच राहीपर्यंत धुवायचं, आणि लगेच ऑइलचा हात फिरवायचा, नाहीतर गंज धरतो.

आता गॅप. रिंग एकटीच बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकला आणि टोकांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ढोबळ हिशेब बोअरच्या अडीचशेव्या भागाचा: स्प्लेंडरचा बोअर ५० मिमी, म्हणजे ०.२ मिमी. नेमका आकडा मॅन्युअलचाच धरा. गॅप कमी पडला तर तापल्यावर टोकं भिडतात, रिंग तुटते किंवा भिंत ओरखडते. बोअरच्या वर आणि खाली, दोन्हीकडे मोजा. फरकाला ३.१४ने भागलं की बोअर किती निमुळता झालाय ते कळतं. महागडं गेज नसलं तरी चालतं.

बसवताना खालून वर: आधी ऑइल रिंगचा स्प्रिंग आणि त्याच्या दोन पातळ पट्ट्या, मग दुसरी, शेवटी वरची. अक्षर कोरलेली बाजू वर. रिंग गरजेपुरतीच फाकवा, बिडाची असली तर कट्कन मोडते. तिन्ही गॅप १२० अंशांवर ठेवा. गजनपिनचं (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनेचं) सर्क्लिप, म्हणजे तिला जागेवर धरणारी छोटी कडी, लावताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा. मी एकदा विसरलो, आणि चुंबक घेऊन अर्धी दुपार मासेमारी केली.

नवी रिंग पहिल्या काही किलोमीटरमध्येच भिंतीला घासून बसते, आणि तेव्हा तिला वायूचा रेटा लागतो. गाडी स्टँडवर तासभर आयडलला ठेवायची जुनी पद्धत म्हणूनच चुकीची: दाब नाही, भिंत मात्र चकचकीत होते आणि ऑइल वर येतच राहतं. दोन मिनिटं गरम करा आणि रस्त्यावर काढा. निम्म्या थ्रॉटलने वेग वाढवा, सोडा, पुन्हा वाढवा. पूर्ण पिळू नका, चढावर वरच्या गिअरमध्ये कण्हायलाही लावू नका. पाचेकशे किलोमीटरला ऑइल बदला, झिजलेलं लोखंड त्यातच असतं.