बिस्बीच्या घळीतील जुन्या मोटारी कशा ओळखाव्यात

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर म्यूल पर्वताच्या घळीत बिस्बी हे तांब्याच्या खाणींचे गाव आहे. १८८० मध्ये वसलेले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,६९० मीटर उंचीवर असून, कॉपर क्वीन आणि तिच्या आसपासच्या खाणींतून येथे जवळजवळ शंभर वर्षे तांबे निघत राहिले. १९७५ मध्ये भूमिगत खाणकाम थांबले, पण विटांच्या इमारती, डोंगरावर चढत जाणारे दगडी-सिमेंटचे जिने आणि जुन्या दुकानांच्या दर्शनी भिंती टिकून राहिल्या. या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या जुन्या मोटारी पाहायला येणारा माणूस बहुधा एखाद्या गाडीसमोर छायाचित्र काढतो आणि पुढे निघतो. गाडी कोणत्या काळातली आहे आणि ती येथे कशी आली असावी, हे दोन प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावली, तर तेवढ्याच रस्त्यावर अर्धा दिवस आनंदात जातो.

प्रथम कोठे पाहायचे हे ठरवावे. टूसॉनहून बेन्सन आणि टूमस्टोन मार्गे ८० क्रमांकाच्या राज्यमार्गाने गेल्यास म्यूल पास बोगदा ओलांडताच जुने बिस्बी लागते. टूसॉनला राहणाऱ्या मराठी मंडळींना ही फेरी एका दिवसात सहज जमते. जुन्या बिस्बीतील बहुतेक घरे उतारांवर असून अनेक घरांपर्यंत केवळ पायऱ्यांनीच जाता येते. तेथे मोटार कधी पोहोचलीच नाही, त्यामुळे वर चढून गाड्या शोधण्यात दम खर्च करू नये. घळीच्या तळाशी जाणारे मेन स्ट्रीट, टूमस्टोन कॅन्यन आणि ब्रूअरी गल्च हे रस्ते पायी पाहावेत. त्यानंतर महामार्गाने पुढे जाऊन लॅव्हेंडर पिटच्या कठड्याशी थांबावे आणि मग लोवेल भागातील ईरी स्ट्रीटवर जावे. जुन्या मोटारींच्या दृष्टीने खरे महत्त्व ईरी स्ट्रीटलाच आहे, आणि उन्ह तिरपे असतानाचा वेळ तिच्यासाठी राखून ठेवावा.

ईरी स्ट्रीटचा इतिहास माहीत नसेल तर तेथील गाड्यांचा अर्थ चुकीचा लागतो. लोवेल ही एकेकाळी गजबजलेली बाजारपेठ होती. १९५० च्या दशकात लॅव्हेंडर पिट ही उघडी खाण खोदली जाऊ लागली आणि तिने लोवेलचा मोठा भाग गिळला. आज तो सुमारे ३०० एकरांचा आणि पावणेतीनशे मीटर खोलीचा खड्डा आहे. त्याच्या काठाशी बाजाराचा जो एक तुकडा उरला, तो ईरी स्ट्रीट. पुढे स्थानिक हौशी मंडळींनी येथील जुन्या पाट्या आणि दुकानांच्या काचा जपल्या आणि विसाव्या शतकाच्या मध्याचा रस्ता वाटावा अशा रीतीने त्यांच्यासमोर जुन्या मोटारी उभ्या केल्या. या मोटारी खऱ्या आहेत, पण त्यांची जागा मुद्दाम योजलेली आहे. खाणकामगार गाडी लावून पाळीवर गेला आणि गाडी तशीच राहिली, असे येथे घडलेले नाही. कॅलिफोर्नियातील बोडी या खाणगावात परिस्थिती वेगळी आहे. ते गाव १९६२ पासून राज्य उद्यान म्हणून आहे त्याच पडझडीच्या स्थितीत राखले आहे, आणि तेथील १९३७ ची गंजलेली शेवरोले त्या पडझडीचाच भाग झाली आहे. मांडलेली गाडी आणि राहिलेली गाडी हा फरक मनात स्पष्ट असला, म्हणजे ‘ही गाडी या खाणीत वापरली जात होती’ असे विधान आपण घाईने करत नाही.

आता प्रत्यक्ष गाडीकडे वळू. बहुतेक लोक आधी नाव आणि चिन्ह शोधतात, आणि माझ्या मते सुरुवात तेथून करू नये. नावाच्या पट्ट्या, चाकांच्या टोप्या, बंपर, टायर आणि रंग या सहज बदलता येणाऱ्या वस्तू आहेत, आणि पन्नास-साठ वर्षांत त्या बहुधा बदललेल्याच असतात. याउलट पुढच्या काचेची घडण, मडगार्डचा आकार, हेडलाइटची जागा आणि दरवाजांच्या बिजागऱ्या बदलायच्या तर सगळा पत्राच बदलावा लागतो. म्हणून काळ ठरवताना आधी या अवघड भागांची साक्ष घ्यावी आणि चिन्हाकडे शेवटी पाहावे.

सर्वांत जुन्या थरात फोर्डची मॉडेल टी येते. १९०८ ते १९२७ या काळात तिच्या सुमारे दीड कोटी गाड्या बनल्या, त्यामुळे पश्चिमेकडच्या कोणत्याही खाणगावात ती भेटण्याची शक्यता दांडगी आहे. उभी सपाट काच, बहुतेक गाड्यांना लाकडी आऱ्यांची चाके आणि पुढे-मागे आडवे बसवलेले स्प्रिंगचे पाटे ही तिची लक्षणे आहेत. रेडिएटरभोवतीची चौकट पितळी असेल तर गाडी १९१६ किंवा त्यापूर्वीची मानावी, कारण त्यानंतर ती काळी रंगवली जाऊ लागली. आणखी एक खूण फार मजेची आहे: अमेरिकेत बनलेल्या उघड्या मॉडेल टीला, साधारण १९१२ ते १९२५ या काळात, चालकाच्या बाजूचा पुढचा दरवाजा खरा नसून पत्र्यावर त्याचा केवळ आकार उठवलेला असतो. तिच्यानंतर १९२८ ते १९३१ मध्ये आलेल्या मॉडेल ए ला तारांच्या आऱ्यांची चाके असतात आणि तिची पेट्रोलची टाकी पुढच्या काचेच्या अगदी खाली असल्यामुळे टाकीचे झाकण बॉनेट आणि काच यांच्यामध्ये बाहेरूनच दिसते. दुरून दोघी सारख्या वाटल्या तरी या झाकणामुळे गोंधळ मिटतो.

त्यापुढच्या काळासाठी हेडलाइट हा उत्तम मार्गदर्शक आहे. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते सुट्या वाट्यांसारखे दांडीवर किंवा बॉनेटच्या बाजूला बसवलेले असत आणि दशक संपता संपता ते मडगार्डच्या पोटात शिरले. १९४० पासून अमेरिकी गाड्यांत सात इंची, गोल, सीलबंद हेडलाइटची प्रमाणित पद्धत आली. म्हणून मडगार्डमध्येच, पण थेंबाच्या आकाराची काच असलेला दिवा दिसला, तर गाडी बहुधा त्याच्या किंचित आधीची असते. दोन्ही बाजूंना दोन-दोन गोल दिवे दिसू लागतात ते १९५७-५८ पासून, आणि चौकोनी दिवे १९७० च्या दशकाच्या मध्यापासून. याच जोडीने पुढची काच पाहावी. मध्ये पट्टी असलेली दोन तुकड्यांची काच १९५० च्या सुमारास मागे पडून एकसंध वळणदार काच आली. कडेपर्यंत वळून दरवाजात घुसणारी काच १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धाची निशाणी आहे. पायदान, म्हणजे दरवाजाखालची पायरी, प्रवासी मोटारींतून १९४० च्या दशकाअखेर नाहीशी झाली, आणि शेपटीचे पंख कॅडिलॅकने १९४८ मध्ये आणून १९५९ मध्ये कळसाला नेले.

युद्धाचा काळ विसरू नये. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत सर्वसामान्यांसाठी मोटारी बनवणे बंद झाले आणि ते १९४५ च्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाले. त्यामुळे कोणी १९४४ ची खासगी मोटार दाखवली, तर शंका घेणे योग्य ठरते. युद्धानंतर १९४६ ते १९४८ या वर्षांत कारखान्यांनी बहुतांशी १९४२ चेच नमुने रेडिएटरपुढची जाळी आणि सजावट बदलून विकले, म्हणून या काळातील गाडीचे नेमके वर्ष ठरवताना जाळीच्या पट्ट्या मोजाव्या लागतात. युद्धोत्तर नवेपणा खऱ्या अर्थाने आणला तो स्टुडबेकरने, १९४७ मध्ये. तिच्या स्टारलाइट नमुन्याची मागची काच इतकी रुंद आणि वळलेली आहे की गाडी नेमकी कोणत्या तोंडाची आहे, हे क्षणभर कळत नाही. १९५० आणि १९५१ च्या स्टुडबेकरचे विमानाच्या नाकासारखे टोकदार तोंड तर एकदा पाहिल्यावर विसरणे कठीण आहे.

खाणगावात प्रवासी मोटारींपेक्षा पिकअप आणि ट्रक अधिक बोलके असतात, कारण खरे काम त्यांनी केले. सरावासाठी १९४७ ते १९५५ ची शेवरोले पिकअप निवडावी. ती सर्वत्र आढळते आणि तिचे वर्ष पायरीपायरीने शोधता येते. पुढे आडव्या पाच पट्ट्यांची जाळी आणि दोन तुकड्यांची काच असेल, तर ती १९५३ पर्यंतची आहे. दरवाजाच्या काचेजवळ हवेसाठी फिरणारी छोटी तिकोनी काच असेल, तर ती १९५१ किंवा नंतरची आहे. दरवाजाची मूठ दाबायच्या बटणाची असेल, तर १९५२ किंवा नंतरची. पुढची काच एकसंध आणि जाळी बदललेली असेल, तर १९५४ किंवा १९५५ ची. या चार निरीक्षणांनी १९५१ पासूनच्या गाडीचा पट्टा एक-दोन वर्षांवर येतो; त्याआधीची गाडी १९४७ ते १९५० एवढीच सांगता येते. जीप दिसल्यास तोंडावरच्या फटी मोजाव्यात: युद्धकाळातील दाबीव पत्र्याच्या जीपला नऊ, तर नागरी जीपला सात असतात. हे चेहरे आपल्याला अगदीच परके नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली होती, स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या जाऊ लागल्या, आणि विलीज जीप महिंद्रांनी आणली. घरातील जुन्या छायाचित्रांत अशी एखादी गाडी असेल, तर जाण्यापूर्वी तिच्यावर हा सराव करून पाहावा.

गाडी फार जुनी नसेल, तर पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या बाजूला छोटे दिवे किंवा परावर्तक आहेत का ते पाहावे. अमेरिकेत १९६८ पासून ते सक्तीचे झाले, त्यामुळे ही एकच खूण बऱ्याच वादांचा निकाल लावते.

गाडी कोठून आली असावी, याचा अंदाज गंजावरून बांधता येतो. दक्षिण अ‍ॅरिझोनात रस्त्यांवर उत्तरेकडील थंड राज्यांसारखे मीठ पडत नाही; येथे गाड्यांचे वैर आहे ते उन्हाशी. छपरावरचा रंग उडालेला, रबर तडकलेले, गाद्यांच्या चिंध्या झालेल्या, पण दरवाजांखालचा पत्रा शाबूत, अशी गाडी दीर्घकाळ या प्रदेशातच असावी. चाकांमागे आणि दरवाजाखाली पत्रा खाऊन भोके पडली असतील, तर ती दमट किंवा बर्फाच्या प्रदेशातून नंतर आणलेली असण्याचा संभव अधिक. नंबरप्लेटवर मात्र फारसा विश्वास ठेवू नये, कारण जुनी प्लेट बाजारात मिळते आणि कोणत्याही गाडीला लावता येते. तरीही १९३२ ते १९३४ ची अ‍ॅरिझोनाची प्लेट दिसली तर जवळून पाहावी. राज्याच्या तांबे उद्योगाला हातभार म्हणून त्या तीन वर्षांच्या प्लेट तांब्याच्या केल्या होत्या, आणि बिस्बीत ती पाहण्याचे समाधान वेगळेच आहे.

जुन्या बिस्बीतील खाण व इतिहास संग्रहालयासाठी तासभर अवश्य ठेवावा. कॉपर क्वीन कंपनीच्या १८९७ मधील कचेरीत ते आहे. जुन्या छायाचित्रांत रस्त्यावर नेमक्या कोणत्या गाड्या उभ्या आहेत हे पाहिले, की ईरी स्ट्रीटवरील मांडणी कोठे जुळते आणि कोठे सजवलेली आहे, हे आपोआप समजते. १२ जुलै १९१७ रोजी हजाराहून अधिक संपकरी कामगारांना आणि त्यांच्या समर्थकांना बंदुकीच्या धाकाने वॉरन भागातील बेसबॉलच्या मैदानात नेऊन, गुरांच्या रेल्वेडब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोत सोडण्यात आले. तेथील पोलीसप्रमुख, शेरीफ व्हीलर, त्या दिवशी मशीनगन बसवलेल्या उघड्या मोटारीतून फिरत होता. त्या काळातील मोटार गावात कोणाच्या हाती होती, हे या एका गोष्टीवरून कळते.

छायाचित्रे काढताना क्रम ठरवून घ्यावा. प्रथम समोरून तिरपे संपूर्ण दृश्य, मग बाजू, मग मागची बाजू, आणि त्यानंतर हेडलाइट, जाळी, चाक, काच, मूठ आणि बिजागरी यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत. काचेतून डॅशबोर्डचेही एक घ्यावे. गाडीला टेकू नये, पायदानावर उभे राहू नये, गंज खरवडून पाहू नये; प्रदर्शनात उभी असली तरी तिला कोणीतरी मालक असतो. गावाबाहेर झुडपांत एखादा गंजलेला सांगाडा दिसला, तरी रस्ता सोडून त्याच्याकडे जाऊ नये, कारण या डोंगरांत उघड्या पडलेल्या जुन्या खाणींची तोंडे आहेत आणि विषारी रॅटलस्नेकही आहेत. जुलै ते सप्टेंबरमध्ये दुपारी अचानक गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा पाहणी सकाळीच उरकावी.

नोंद करताना एकच वर्ष लिहिण्याचा मोह आवरावा आणि ‘शेवरोले पिकअप, १९५१ ते १९५३’ असे लिहून, कोणत्या खुणेवरून हे ठरवले तेही पुढे मांडावे. मालक जवळ असेल तर नम्रपणे विचारावे. गाडीवरील क्रमांक पाहायला मिळाला आणि तो सतरा अक्षर-अंकांचा निघाला, तर गाडी १९८१ किंवा त्यानंतरची आहे. त्याहून जुन्या गाड्यांचे क्रमांक कंपनीगणिक वेगळे असतात आणि तेही वेगवेगळ्या जागी कोरलेले असतात. मॉडेल ए चा क्रमांक इंजिनावर आणि चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, असतो, म्हणून इंजिन बदलले गेले आहे का, हे दोन्ही क्रमांक ताडूनच कळते; पण इंजिनावरचा क्रमांक पाहायला बॉनेट मालकानेच उघडून दाखवावे लागते आणि चासीवरचा बहुधा बॉडीखाली झाकलेला असतो.