जुनी सागवानी खिडकी दुरुस्त कशी करावी: आधी पाणी, शेवटी रंधा

नागपुरात धंतोलीतलं किंवा महालातलं जुनं घर रंगवायला काढलं की ठेकेदार हमखास सांगतो, "खिडक्या काढून टाका ना भाऊ, ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवून देतो." कटकट मिटते हे खरं. पण दोन काचांची स्लायडिंग अर्ध्याच्या वर उघडत नाही, आणि दोन पल्ल्यांची लाकडी खिडकी सताड उघडते. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात सकाळी नऊलाच झिलमिल (पल्ल्यातल्या तिरप्या, हलत्या पट्ट्या) बंद करून घर अंधारं ठेवायचं आणि रात्री पल्ले पूर्ण उघडायचे, ही सोय सोडताना दोनदा विचार करावा. लाकडाचं म्हणाल तर दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं. तुमच्या चौकटीतलं जुनं सागवान तर हाताशीच आहे.

आपल्याकडे या खिडक्या वयाने जात नाहीत. त्यांचा जीव घेतात दोन गोष्टी: कूलरचं पाणी आणि ऑगस्टात मारलेला रंधा.

रंधा मारू देण्याआधी

पावसाळ्यात पल्ला अडतो, मिस्त्री येतो आणि म्हणतो, "थोडं रंदून देतो, बरोबर लागून जाईल." लागतोही. मग एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठाक पडते, लाकूड आकसतं, आणि त्याच फटीतून झळा आणि धूळ घरात येते. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रंधा. असं चार-पाच वर्षं चाललं की पल्ला चौकटीला छोटा पडतो आणि "खिडकी बाद झाली" असा निकाल लागतो.

म्हणून आधी अडण्याचं कारण शोधा. पल्ला अर्धा उघडून खालच्या कोपऱ्याला हात घाला आणि वर उचलून पाहा. जरा जरी हलला तर लाकूड फुगलेलं नाही, बिजागरी ढिली झाली आहे. चौकटीच्या खालच्या लाकडावर अर्धगोल ओरखडा दिसला तर तीच खूण. असा पल्ला रंदायचा नसतो. स्क्रू काढा, मोठं झालेलं भोक सागवानाच्या खुंटीने गोंद लावून भरा, गोंद वाळल्यावर नवं भोक पाडून स्क्रू पक्का करा. अडणाऱ्या खिडक्यांपैकी बऱ्याच एवढ्यावरच सुटतात.

दुसरी तपासणी टेपने. पल्ल्याचे दोन्ही कर्ण, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतची अंतरं, मोजा. सारखे नसतील तर पल्ला काटकोनात राहिलेला नाही, म्हणजे कोपऱ्याचा सांधा सुटला आहे. तो उघडून, साफ करून, गोंद लावून शिकंजात (क्लॅम्पमध्ये) आवळावा लागतो.

दोन्ही ठीक असून पल्ला घासत असेल तर लाकूड खरंच फुगलं आहे. घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती घासा, पेन्सिलीने खूण करा आणि दिवाळीपर्यंत थांबा. हवा कोरडी झाल्यावरही खुणेच्या जागी घासत असेल तर तेवढंच रंदा, भोवती दोन-तीन मिलिमीटर मोकळं राहील इतपत. उघडी पडलेली कड त्याच दिवशी तेलाने किंवा रंगाने बंद करा. पल्ल्याची वरची आणि खालची कड तर रंगारी नेहमीच विसरतात, आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

कुठे सडलं आहे, कुठे पोखरलं आहे

स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने चौकटीच्या खालच्या वीतभर भागात आणि पल्ल्याच्या खालच्या आडव्या पट्टीत टोचून पाहा. चांगलं सागवान टोक आत घेत नाही. टोक सहज रुतलं तर तो भाग कुजला आहे. ठोकल्यावर पोकळ आवाज आणि भिंतीलगत मातीची रेघ, तर वाळवी. लाकडातून पिठासारखी भुकटी गळत असेल तर घुण. घुण बहुधा कडेच्या पांढऱ्या लाकडातच असते, गाभ्याचं तांबूस-तपकिरी लाकूड ती सहसा सोडून देते. वाळवी मात्र भिंतीतून येते, त्यामुळे आधी भिंतीचा बंदोबस्त, मग लाकूड. उलट केलंत तर नवा तुकडाही तिच्याच पोटात जाईल.

कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून काढा. काप तिरपा घ्या, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे सांध्यात पाणी साचत नाही. जोडायचा तुकडा जुन्या, वाळलेल्या सागवानाचाच हवा आणि रेषा त्याच दिशेने. सागवानात अंगचं तेल असतं, गोंद त्यावर नीट धरत नाही. म्हणून दोन्ही तोंडं थिनरने पुसून लगेच इपॉक्सी किंवा वॉटरप्रूफ गोंद लावा. नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारणं म्हणजे रोग झाकणं. मधल्या दिल्याला (पल्ल्याच्या चौकटीत बसवलेल्या फळीला) खिळा मारायचा नाही, गोंदही लावायचा नाही. तो खाचेत मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो, ऋतूप्रमाणे फुगायला आणि आकसायला. खिळ्याने जखडलात की उन्हाळ्यात मधोमध फाटतो.

हात लागलाच आहे तर खालच्या पट्टीच्या बुडाला, बाहेरच्या काठाजवळ, एक बारीक खाच पाडून घ्या. पावसाचं पाणी त्या खाचेपाशी थबकून खाली टपकतं, चौकटीत आत ओढलं जात नाही.

जुना रंग

घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं असंच धरून चाला. कोरडा पॉलिश पेपर घासू नका, मशीन तर नाहीच. पाणी मारत ओला पेपर वापरा, मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा, लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर काम अंगणात न्या. रंग धरून बसला असेल तर सगळा खरवडायचा हट्टही नको. सुटलेला काढा, बाकीचा ओल्या पेपरने खरबरीत करून त्यावर नवा हात द्या.

काच आणि लांबी

काचेभोवतीची लांबी तडकली की पाऊस थेट लाकडात मुरतो. बाजारची तयार लांबी चालेल, पण विदर्भात जवस असताना घरी करणं काही अवघड नाही. खडूची बारीक पावडर आणि जवसाचं तेल एकत्र करून पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळा. लाकडाच्या खाचेला आधी तेलाचा हात द्या. कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि ती महिनाभरात भुसभुशीत होते. काचेखाली पातळ थर, काच दाबून बसवा, बारीक खिळ्यांनी अडवा, मग बाहेरून उतरता थर. वर साय धरेपर्यंत आठ-दहा दिवस थांबून रंग द्या. जुन्या काचेत हलक्या लाटा दिसतात. ती फुटली नसेल तर बदलू नका, तशी आता मिळत नाही.

तेल, पॉलिश की पेंट?

चपड्याचं (लाखेचं) पॉलिश फक्त आतून. बाहेर लावलं तर पहिल्याच पावसात पांढरं पडतं. पारदर्शक वार्निश दिसायला सुरेख, पण पश्चिमेच्या उन्हात लवकर सोलपटतं आणि मग खरवडण्याचं काम दुप्पट होतं. माझं मत विचाराल तर बाहेरून ऑइल पेंट, आतून तेल.

तेल लावताना चूक होते ती प्रमाणात. 'बॉइल्ड' म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलात पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाइन घाला, वीसेक मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून टाका. जाड थर चिकट राहतो आणि नागपूरची धूळ त्यावर कायमची बसते. तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पाण्यात बुडवा किंवा तारेवर पसरून पूर्ण वाळू द्या.

नवी किंवा जुनी विकत घ्यायची असेल तर

लकडगंजात, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारात, लाकूड पाहताना आडव्या कापाकडे पाहा. कडेला पांढरा पट्टा जितका कमी तितकं बरं. ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या वर नको, दुकानदाराकडे मीटर असेल तर समोर मोजून घ्या. पाडलेल्या वाड्याच्या खिडक्या घेताना मात्र रंगाच्या खाली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मापही आधी घ्या, कारण चौकट कापून लहान केली की सांधे जातात.

वजनावर वर-खाली सरकणारी विलायती पद्धतीची खिडकी कुठे भेटली तर तिचं निदान वेगळं. ती बहुधा रंगाच्या थरांनी चिकटलेली असते. कडेने पातळ सुरी फिरवून रंगाची रेघ कापा, जोर लावून उचलू नका. दोर तुटला असेल तर बाजूच्या खोबणीची झाकणपट्टी काढून नवा दोर ओवता येतो. दोन्ही बाजूंची वजनं मिळून पल्ल्याइतकी हवीत, आणि काच बदलली तर वजनंही पुन्हा जुळवावी लागतात.

कूलरचे तीन महिने

कूलरचा स्टँड खिडकीला टेकवू नका, मध्ये चार बोटं जागा सोडा. चौकटीच्या खालच्या लाकडावर बाहेरच्या बाजूला उतरता पत्रा बसवा, म्हणजे कूलरच्या तट्ट्यांतून (गवताच्या जाळ्यांतून) उडणारं पाणी लाकडावर मुरणार नाही. कूलर बसवायला पल्ले काढले असतील तर ते गच्चीवर भिंतीला टेकवून ठेवू नका, वाकडे होतात. घरात आडव्या पट्ट्यांवर सपाट ठेवा, मागे खडूने "डावा", "उजवा" लिहा, आणि स्क्रू त्याच बिजागरीला पिशवीत बांधून टाका. जूनमध्ये कूलर उतरवला की लाकडावर पांढरा क्षाराचा थर दिसेल. ओल्या फडक्याने पुसा, दोन दिवस कोरडं होऊ द्या, तेलाचा एक हात द्या आणि पहिला मोठा पाऊस यायच्या आत पल्ले परत चढवा.