ट्रॅकसाठी गाडी बांधताय? बोअर मारण्याआधी चुंबक लावा, आणि या चुका टाळा

सगळ्यांत महागडी चूक आधी सांगतो, कारण ती माझी आहे.

यामाहाची सेकंडहँड आर-१५ मोटरसायकल घेतली होती, दुसऱ्या व्हर्जनची. सकाळी स्टार्ट केली की निळसर धूर, आणि ऑइल दर महिन्याला थोडं थोडं गायब. तरीही हिलाच ट्रॅकवर न्यायचं असं डोक्यात बसलेलं. इंदूरमधल्या रामबागेतल्या घराच्या ओसरीत इंजिन उतरवलं, हेड काढलं, तर सिलिंडरच्या भिंतीवर दोन उभे ओरखडे. नख अडकेल इतके खोल. सिलिंडर पिशवीत घालून एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने आत बोट फिरवलं आणि म्हणाला, "बोर मार देते हैं भिया, मक्खन चलेगी." बोअर मारणं म्हणजे सिलिंडर आतून थोडा कोरून रुंद करणं. मी मान डोलावली. आमच्याकडे आजोबांच्या स्कूटरपासून प्रत्येक इंजिनाला असंच नवं आयुष्य मिळत आलंय, शंका कशाला येणार?

मक्खन जेमतेम दोनशे किलोमीटर टिकलं. मग आधीच्या दुप्पट धूर, आणि आई अंगणातून ओरडतेय, "अरे, ते फटफटं बंद कर, कपडे वाळत घातलेत!"

झालं असं होतं की या गाडीच्या सिलिंडरला लोखंडी स्लीव्हच (आतली नळी) नसते. यामाहा त्याला डायासिल म्हणते. सगळा सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, त्यात सुमारे २० टक्के सिलिकॉन. पिस्टनच्या रिंगा घासतात त्या सिलिकॉनच्या कडक कणांवर. भोवतीचं मऊ अ‍ॅल्युमिनियम किंचित खाली बसलेलं असतं आणि त्या खोलगटात ऑइल धरून राहतं. साध्या बोअरिंगच्या टूलने हे कण फुटतात, उपटले जातात आणि त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियम लिंपलं जातं. मग रिंगा थेट मऊ धातूवर चालतात. अशा सिलिंडरला ओरखडे पडले की सिलिंडर-पिस्टनचा नवा संच घ्यायचा, दुसरा सरळ मार्ग नाही. लोखंडी स्लीव्ह ठोकून घेणारे आहेत, पण ते काम नेमकं करणारा हात मिळाला पाहिजे, आणि उष्णता बाहेर पडण्यात फरक पडतो तो वेगळाच.

चुंबक लावून बघायला दहा सेकंद लागतात. बोअरच्या आतल्या भिंतीवर टपकन चिकटलं तर लोखंडी स्लीव्ह आहे, बोअर मारता येईल. घसरून पडलं तर सिलिंडर परत पिशवीत घाला आणि घरी या. फ्रिजच्या दारावरचं चुंबकही चालतं.

दुसरी गोष्ट, इंजिन खोलण्याआधीच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायचं. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, आकडा लिहून घ्या. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर गळती रिंगांतून आहे, जागचा हलला नाही तर संशय व्हॉल्व्हवर. हे न करता थेट हेड काढणं म्हणजे ताप न मोजता ऑपरेशन.

टॅपेटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातल्या फटीबद्दल, आपल्याकडे एक उलटी समजूत आहे: आवाज आला की कसून टाका. टॅपेट गरजेपेक्षा घट्ट झालं की गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह हळूहळू जळतो. ट्रॅकवर इंजिन सतत वरच्या आरपीएमला असतं, त्यामुळे हे लवकर घडतं. किंचित टिकटिक करणारं इंजिन मला चिडीचूप इंजिनापेक्षा भरवशाचं वाटतं. मोजमाप थंड इंजिनावर, फीलर गेजने, मॅन्युअलमधल्या आकड्याने. कानाने नाही. आणि टायमिंग चेन बसवल्यावर सेल्फ मारायच्या आधी क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कॅमचा एक फेरा क्रँकच्या दोन फेऱ्यांत होतो, म्हणून दोन. कुठे अडकल्यासारखं वाटलं तर थांबा. हाताने थांबलं तर फक्त टायमिंग पुन्हा लावायचं असतं, सेल्फने थांबलं तर व्हॉल्व्ह वाकलेला असतो.

पैसे आधी इंजिनात घालू नका

आमच्या पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे. ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ला सुरू झाला, आणि तेव्हापासून दर चौथा माणूस विचारतो, "मग तुम्ही तिथेच चालवत असाल ना?" नाही हो. ती गाड्यांच्या चाचणीची जागा. मी गेलो कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेला, घरापासून दीड हजार किलोमीटरहून लांब. तिथला फेरा सुमारे २.१ किलोमीटरचा, वळणामागून वळण. अशा ट्रॅकवर १५० सीसीच्या गाडीला फ्री-फ्लो सायलेन्सर आणि उघडा फिल्टर लावून जे मिळतं ते चांगल्या टायरसमोर चिल्लर आहे. शिवाय हवेचा मार्ग बदलून इंधनाचं मॅपिंग तसंच ठेवलं तर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, इंधन कमी) आणि इंजिन तापतं. माझा क्रम असा: टायर, ब्रेक, सस्पेन्शन, बसण्याची ठेवण, आणि उरलेच तर इंजिनाला. दुकानातले सल्ले नेमके याच्या उलट असतात, कारण सायलेन्सरचा आवाज काउंटरवर ऐकवता येतो.

टायरमध्येही रुंदीचा मोह आवरा. मागे १३०चा टायर असलेल्या रिमवर १५०चा चढवला की तो कडांना आवळला जातो, मधे टोकदार होतो, आणि वाकल्यावर रबर जमिनीला हवं तसं लागत नाही. पार्किंगमध्ये मात्र छान दिसतो. हवेचं म्हणाल तर टायर १० अंशांनी तापला की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. त्यामुळे सकाळी भरलेली हवा पहिल्या सेशननंतर तीच नसते. टायर कंपनीचा तक्ता बघा आणि पिटमध्ये आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजा. गेज एकच वापरा, आपलं स्वतःचं.

ब्रेक: लिव्हर हँडलला टेकला तेव्हा

कारीला दुसऱ्या सेशनच्या सहाव्या फेरीत सरळ संपताना पुढचा लिव्हर दाबला आणि तो स्पंजासारखा थेट ग्रिपपर्यंत आला. दोनदा पंप केला, मागचा ब्रेक दाबला, गवतात गेलो. पडलो नाही, हे नशीब. पिटमध्ये अर्ध्या तासाने दाबून बघतो तर लिव्हर एकदम कडक! शेजारचे म्हणाले, "तुम्हाला भास झाला असेल."

भास नव्हता. घरी ब्रेक ऑइल नवं घातलं होतं, पण ते 'नवं' म्हणजे मागच्या पावसाळ्याआधी फोडलेली, झाकण अर्धवट लावलेली बाटली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरडं असताना निदान २३० अंशांना उकळतं. पाणी शोषलेल्या ऑइलची मर्यादा १५५ धरतात. कॅलिपर तापला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, लिव्हर त्या वाफेलाच दाबत बसतो. गार झालं की वाफ पुन्हा द्रव होते आणि सगळं ठीक वाटतं. म्हणूनच पिटमध्ये काही सापडत नाही.

लक्षण ओळखायला शिका. लिव्हर मऊ पडून आत आला तर ऑइल उकळलंय किंवा हवा शिरलीय. लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत किंवा चकाकून गुळगुळीत झालेत. दोन्हींचे उपाय वेगळे, आणि घाबरलेला माणूस दोन्हींवर नवे पॅड टाकतो. बाटली सीलबंद घ्या, उरलेलं ऑइल पुढच्या वेळेसाठी जपू नका. डॉट ४च्या जागी ५.१ चालतं, ५ मात्र नाही. ते सिलिकॉनचं, त्याची यांच्याशी भेसळ करायची नसते.

ब्लीडिंगनंतरही (ऑइलमधली हवा काढल्यावरही) लिव्हर मऊच राहिला तर बुडबुडा बहुतेक वर, लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरच्या बॅंजोपाशी (पाइप जोडणाऱ्या सांध्यापाशी) अडकलेला असतो. हँडल वळवून ते टोक सगळ्यांत उंच करा, लिव्हर दोरीने ग्रिपला बांधून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा ब्लीड करा. दोरी म्हणून मी आईची जुनी परकराची नाडी वापरतो. आणि नवे पॅड लावून थेट पहिल्या वळणाला जोर काढू नका. आधी हलके, मग थोडे जोरात असे दहा-बारा ब्रेक मारून त्यांना डिस्कवर बसू द्या.

"जरा अजून कस"

या तीन शब्दांनी इंदुरात जितके आटे गेलेत तितके गंजाने गेले नसतील. ऑइलचा ड्रेन बोल्ट लोखंडी, इंजिनाचा केस अ‍ॅल्युमिनियमचा. हाताच्या अंदाजाने कसला की एक दिवस तो गोल गोल फिरायला लागतो, मग हेलिकॉइल (स्प्रिंगसारखे नवे आटे) टाका. टॉर्क रेंच महाग वाटतो. केस बदलण्याहून स्वस्त पडतो. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लागलेलं असेल तर त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो, हेही ध्यानात असू द्या.

ट्रॅकवर ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टरचं झाकण आणि कॅलिपरचे बोल्ट तारेने बांधायला लावतात. बोल्टच्या डोक्याला बारीक भोक, त्यातून स्टीलची तार. तारेचा ओढा बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेनेच हवा. उलटी बांधलेली तार फक्त शोभेची. माझी एक तशीच होती, स्क्रुटिनीला तपासनिसाने बोटाने दाखवली आणि काही न बोलता पुढे गेला. त्या गप्प राहण्याचीच जास्त लाज वाटली. हल्ली प्रत्येक बोल्ट कसल्यावर डोक्यापासून केसपर्यंत पांढऱ्या पेंटची रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हललाय.

चेनचंही तेच. सेंटर स्टँडवर ताठ दिसणारी चेन तुम्ही बसल्यावर आणखी ताणली जाते. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा) पिव्होट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की ती सगळ्यांत घट्ट होते. त्या क्षणीही थोडी ढील उरली पाहिजे, नाहीतर मागचं सस्पेन्शन पूर्ण दबत नाही आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग मार खातं. चेन एकसारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत तिची सगळ्यांत घट्ट जागा शोधा आणि ढील तिथेच मोजा. लहान ट्रॅकसाठी गिअरिंग आखूड (टॉप स्पीड कमी, उचल जास्त) हवं असेल तर पुढे एक दात कमी करणं स्वस्त. समजा पुढे १५, मागे ४७ आहेत. पुढे १४ केले की मागे तीन दात वाढवल्यासारखंच होतं.

पुढच्या शॉकअपचं थोडक्यात: दोन्ही नळ्यांत ऑइलची पातळी सारखी, स्प्रिंग बाहेर काढून आणि नळी पूर्ण दाबून मोजलेली. मग नळीला झिप टाय बांधा, पूर्ण पोशाखात बसा आणि गाडी किती दबते ते बघा. ३० ते ३५ मिलिमीटर ही सुरुवातीची बरी जागा. पुढे सेटिंगचा स्क्रू नसलेल्या गाडीत स्प्रिंगवरच्या स्पेसरची लांबी बदलून हे जमवतात.

छोट्या कटकटी

खाली वाकलेलं क्लिप-ऑन हँडल बसवल्यावर इंजिन आयडलला ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. आरपीएम चढला तर थ्रॉटलची केबल ओढली जातेय, तिची वाट बदला. साईड स्टँड काढून टाकल्यावर गिअर टाकताच इंजिन बंद पडत असेल तर गाडी बिघडलेली नाही. स्टँडचा कट-ऑफ स्विच स्टँड उघडा समजतोय. आरपीएम चढतो पण गाडी पळत नाही, तेव्हा आधी क्लचच्या केबलला ढील आहे का बघा, मग ऑइलचा डबा वाचा. त्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं हवं. कारचं ऑइल 'भारीतलं' म्हणून घातलं की ऑइलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेटा घसरतात.

आणि कृपा करून चाचणी इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर रात्री करू नका. रिकामा दिसतो तेव्हाच तिथे कुणीतरी आडवं येतं. नवीन इंजिन दोन-तीनदा पूर्ण गरम करून पूर्ण गार होऊ द्या, बोल्टांच्या रेघा बघा, साध्या वेगाने थोडं चालवा, ऑइल बदला. बाकीचं ट्रॅकवर कळतं.

कूलंटमुळे माझी अजून एक गंमत झाली. ग्लायकॉल रस्त्यावर सांडलं की निसरडं होतं आणि सहज वाळत नाही, म्हणून ट्रॅकवर रेडिएटरमध्ये साधं डिस्टिल्ड पाणी घालायला सांगतात. मी घातलं. परतल्यावर बदलायचं विसरलो, आणि चार महिन्यांनी पाण्याच्या पंपाखाली तांबूस थेंब. साध्या पाण्यात गंज रोखणारं काही नसतं. आता गाडी घरी आली की पहिलं काम तेच.

म्हणजे दुसरं. पहिलं काम आरसे आणि नंबर प्लेट. गाडी अहिल्यानगरी एक्सप्रेसने पार्सल केली होती, पार्सलसाठी टाकी रिकामी करावी लागते, म्हणून स्टेशनवर उतरवल्यावर बाटलीभर पेट्रोल ओतलं आणि ट्रॅकच्याच अवतारात घराकडे निघालो. रामबाग तसं जवळच. पहिल्याच चौकात हवालदाराने हात केला, गाडीभोवती एक चक्कर मारली, हेडलाइटवरची टेप बोटाने उचकटून बघितली आणि विचारलं, "भिया, इसका नाम-पता कुछ है कि नहीं?"

नंबर प्लेट होती, आरसेही होते. सगळं पाठीवरच्या बॅगेत, लेदरच्या सुटाखाली.